कांटचा उंबरठा आणि अमळनेरचे उत्तर

2024 सालच्या फेब्रुवारी महिन्यात 97वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन खानदेशातील अमळनेर येथे भरले. नागपूरचे कादंबरीकार डॉ. रवींद्र शोभणे संमेलनाध्यक्ष होते. अशा प्रसंगी यजमान गावाची ओळख नव्याने करून दिली जाते. अमळनेर म्हटले की साने गुरुजींची शाळा आठवते, बोरी नदीच्या काठावरील सखाराम महाराजांची वाडी आठवते, आणि विप्रोसारख्या उद्योगाचा आरंभ 1945 साली याच गावातल्या तेलाच्या कारखान्यापासून झाला, हेही कौतुकाने सांगितले जाते. त्याच वर्षी, 22 एप्रिल रोजी, जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याच्या जन्मास 300 वर्षे पूर्ण झाली. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे वरवर पाहता कोणासही वाटणार नाही. परंतु तो आहे आणि तो लक्षात घेण्याजोगा आहे. कांटने जो प्रश्न अर्धवट ठेवला, त्याला भारतीय भूमीवरून दिले गेलेले एक अत्यंत गंभीर उत्तर 1930 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, आणि ते कलकत्त्याहून वा काशीहून नव्हे, तर अमळनेरहून!

कापडगिरणीचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. अद्वैत वेदान्ताचा अभ्यास व्हावा, पण तो पाश्चात्त्य विचारासमोर उभा राहून व्हावा, ही त्यामागची दृष्टी. देशभरातून निवडलेल्या अभ्यासकांना तेथे राहण्याची सोय आणि विद्यावेतन मिळत असे. साने गुरुजी याच संस्थेच्या ओढीने प्रथम अमळनेरला आले. शाळेतील शिक्षकाची नोकरी ही नंतरची गोष्ट. घनश्यामदास मलकाणी हे सिंधी विद्वान येथे आले ते येथलेच झाले. टी. आर. व्ही. मूर्ती, रासविहारी दास यांच्यासारखे पुढे देशभर गाजलेले पंडित उमेदीच्या काळात येथे राहून गेले. संस्थेतून निघणाऱ्या इंग्रजी त्रैमासिकात शंकराचार्य आणि कांट, नागार्जुन आणि हेगेल यांच्यावरील चर्चा शेजारी शेजारी छापल्या जात. गिरणीच्या भोंग्यावर ज्या गावाचे घड्याळ चाले, त्या गावात हे घडत होते. धनिकाने धर्मशाळा बांधावी, घाट बांधावा, ही आपली परंपराच आहे. प्रतापशेठांनी विचारासाठी धर्मशाळा बांधली.

आज या घटनेचे स्मरण करण्याचे कारण केवळ इतिहासाचा अभिमान एवढेच नाही. राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळात जर्मन तत्त्वज्ञानाविषयी दोन सवयी रूढ झाल्या आहेत आणि दोन्ही घातक आहेत. पहिली सवय अशी की, हे सारे परकीय आहे, मार्क्सची आजोळची मंडळी आहेत, त्यांच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे म्हणून पुस्तक मिटून टाकणे. दुसरी सवय अधिक गोड, म्हणून अधिक फसवी आहे. शोपेनहॉवरने उपनिषदांची थोरवी गायली, श्लेगलने गीतेचे भाषांतर केले, पॉल डॉयसन याने 1893 साली मुंबईत येऊन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या सभेत वेदान्ताची महती सांगितली, या दाखल्यांची माळ व्याख्यानात ओवायची आणि टाळ्या घ्यायच्या. अनेक वक्ते याही पुढे जातात आणि 'कांट-हेगेलने जे सांगितले ते आमच्याच ऋषींचे चोरलेले आहे' असे ठोकून देतात.

तारखा या विधानाला आधार देत नाहीत. कांटचा 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' हा मुख्य ग्रंथ 1781 साली प्रसिद्ध झाला. चार्ल्स विल्किन्सने केलेले गीतेचे पहिले इंग्रजी भाषांतर 1785 सालचे. शाहजादा दारा शुकोहने 1657 साली काशीच्या पंडितांच्या साहाय्याने उपनिषदांचे फारसीत भाषांतर करविले होते, त्यावरून फ्रेंच विद्वान आंकेतील द्युपेराँ याने केलेले लॅटिन भाषांतर 1801-02 मध्ये निघाले, आणि तेच पुढे शोपेनहॉवरच्या हाती पडले. तेव्हा कांटच्या टेबलावर वेदान्ताचा ग्रंथ असण्याचा संभव नाही. जो शोध त्याने घेतला तो स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या परंपरेच्या अडचणीतून घेतला. हे मान्य करण्याने वेदान्ताचे काहीच कमी होत नाही. उलट, दोन वेगळ्या भूमींवर, एकमेकांची वार्ता नसताना, माणसाची बुद्धी एकाच दाराशी येऊन उभी राहते, ही गोष्ट चोरीच्या कथेपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

हे दार कोणते? ते पाहण्यासाठी प्रशियातील क्योनिग्सबर्गपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरच्या एखाद्या धानाच्या बांधीवर उभे राहूनही ते दिसते. पावसाच्या आरंभी शेतकरी पऱ्हे टाकतो, काही आठवड्यांनी चिखलात रोवणी होते, दसरा-दिवाळीच्या मागेपुढे ओंब्या पिवळ्या पडतात. डोळ्यांना दिसले ते काय? एकदा हिरवी लव, एकदा चिखलात उभ्या काड्या, एकदा पिवळा रंग. 'हे तेच धान आहे' हे डोळ्यांनी पाहिलेले नाही. 'पाऊस पडला म्हणून धान वाढले' यातला 'म्हणून' हाही कोणत्याच शेतात उगवत नाही. काळाचा क्रम, वस्तूची एकता, कार्यकारणाचा संबंध या गोष्टी आपली बुद्धी अनुभवात घालते, तेव्हाच त्या विस्कळीत संवेदनांचे जग बनते, असे कांटचे म्हणणे. इंद्रिये केवळ माल आणतात, घडण बुद्धीची असते.

आणि मग याहून खोल पायरी येते. पऱ्हे पाहणारा, रोवणी पाहणारा आणि कापणी पाहणारा जर एकच नसेल, तर या तीन दर्शनांना जोडणार कोण? जूनमध्ये पाहिले ते मीच आणि कार्तिकात पाहतो आहे तोही मीच, हे भान प्रत्येक अनुभवाच्या मागे न बोलता उभे असते. ते नसेल तर ज्ञानच शक्य नाही. कांटने या आत्मभानाला ज्ञानाचा सर्वोच्च आधारबिंदू मानले. युरोपातील विचाराच्या इतिहासात ही क्रांती होती. जगाभोवती ज्ञाता फिरत होता, कांटने ज्ञात्याभोवती जग फिरविले, आणि स्वतःच्या या कृतीची तुलना त्याने कोपर्निकसशी केली ती उगाच नव्हे.

परंतु येथे कांट थांबतो. हा 'मी' आहे, असलाच पाहिजे, एवढे तो सांगतो; तो काय आहे, हे मात्र कधीच कळणार नाही, असेही बजावतो. कारण कळणे म्हणजे बुद्धीच्या साच्यात बसविणे, आणि जो साचे वापरतो तोच साच्यात कसा बसणार? तीच गत बाहेरच्या वस्तूची. दिसते ते नामरूप. त्यामागचे वस्तुतत्त्व अज्ञेय. आत एक अज्ञेय, बाहेर एक अज्ञेय आणि मध्ये दिसणाऱ्या जगाचा लखलखीत पण अधांतरी पूल, अशी कांटच्या विचाराची अवस्था आहे. ईश्वर, स्वातंत्र्य आणि आत्म्याचे अमरत्व यांना त्याने नीतीच्या दारातून, श्रद्धेचे विषय म्हणून, पुन्हा आत घेतले, हे खरे. ज्ञानाच्या उंबरठ्यावर मात्र तो उभाच राहिला.

मराठी वाचकाला या उंबरठ्याची पहिली खरी ओळख लोकमान्य टिळकांनी करून दिली, आणि तीही तुरुंगातून. मंडालेच्या कारागृहात 1910-11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेले 'गीतारहस्य' 1915 साली प्रसिद्ध झाले. त्याच तुरुंगवासात लोकमान्यांनी जर्मन भाषेचाही अभ्यास केला होता. एरवी 'गीतारहस्या'ची चर्चा कर्मयोग की संन्यास या वादापुरतीच होते. पण त्यातील पाश्चात्त्य विचारांची उलटतपासणी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कांटने शुद्ध बुद्धी आणि व्यावहारिक बुद्धी असे भेद करून दोन ग्रंथ लिहिले. लोकमान्यांनी त्यांना गीतेच्या परिभाषेत आणले: एक व्यवसायात्मिक बुद्धी, दुसरी वासनात्मक बुद्धी. वरवर पाहता हे शब्दांतर वाटते. प्रत्यक्षात तो एक निवाडा आहे. शब्द बदलताच कांटचा प्रश्न सांख्य आणि वेदान्त यांच्या सभेत येऊन बसतो, आणि त्याला आता त्या सभेच्या नियमांनी उत्तर द्यावे लागते. नामरूप आणि त्यामागील तत्त्व हा कांटचा भेद लोकमान्य मान्य करतात. इंग्लंडात जर्मन विचाराचा वारसा चालविणाऱ्या ग्रीनच्या नीतिशास्त्राचीही ते आदराने दखल घेतात. मात्र नीतीचा पाया केवळ कर्तव्याच्या आज्ञेवर न ठेवता सर्वांभूती एक आत्मा या साक्षात्कारावर ठेवला पाहिजे आणि तेथवर गीता जाते, हा त्यांचा आग्रह आहे. कोठेही आरडाओरड नाही, कोठेही 'हे आमचेच' अशी फुशारकी नाही. ज्याच्या मताचे खंडन करायचे त्याचे मत प्रथम त्याच्याइतक्याच समर्थपणे मांडायचे, ही शास्त्रकारांची पूर्वपक्षाची रीत लोकमान्यांनी मराठी गद्यात उतरविली.

कांटने अर्धवट सोडलेला प्रश्न त्याच्या देशबांधवांनाही स्वस्थ बसू देईना. फिख्टेने 1794 पासून मांडणी केली की, बाहेरचे अज्ञेय वस्तुतत्त्व हे कांटचे निष्कारण ओझे आहे. सारे काही आत्म्याच्या स्वतःला प्रस्थापित करण्याच्या क्रियेतूनच उलगडते. हाच फिख्टे नेपोलियनच्या सैन्याने व्यापलेल्या बर्लिनमध्ये 1807-08 च्या हिवाळ्यात जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्याने देत होता. पराभूत राष्ट्राला शिक्षणातून आणि स्वभाषेतून उभे करण्याची त्याची तळमळ कोणाही देशभक्ताला भिडेल. पण जर्मन भाषा तेवढी जिवंत आणि इतर भाषा मृत मुळांवर वाढलेल्या, हा त्यातला अहंकार पुढे त्या देशाला किती महागात पडला, हेही विसरता येत नाही. शेलिंगने निसर्ग आणि आत्मा यांच्या मुळाशी एकच तत्त्व पाहिले. वेदान्ताच्या वाचकाला तो सर्वांत जवळचा वाटतो, तरी त्याचा विचार कधी एका जागी स्थिरावला नाही.

स्थिरावला तो हेगेल. 1807 साली त्याचा पहिला मोठा ग्रंथ आला आणि 1831 साली बर्लिनमध्ये निधन होईपर्यंत त्याने साऱ्या विश्वाला एका व्यूहात बसविले. आत्मभान एकट्याने सिद्ध होत नाही, दुसऱ्या आत्मभानाने त्याला मान्यता द्यावी लागते, हा त्याचा विचार विलक्षण आहे. मालक आणि दास यांच्या द्वंद्वात मालक अखेर परावलंबी ठरतो आणि श्रम करणारा दास स्वतःला ओळखू लागतो, हे त्याचे विवेचन परतंत्र देशातील वाचकाने वाचले असते तर त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले असते. जे बुद्धीला धरून आहे तेच सत् आणि जे सत् आहे ते बुद्धीला धरून आहे, ही त्याची भूमिका. चैतन्य इतिहासातून, विरोध आणि समन्वय यांच्या पायऱ्या चढत स्वतःला ओळखत जाते, आणि इतिहास संपतो तो चैतन्याला स्वतःची पूर्ण ओळख पटते तेव्हा.

या भव्य इमारतीत भारताला जागा कोठे? तळमजल्याच्याही खाली. भारताला खरा इतिहास नाही, तेथील चैतन्य स्वप्नावस्थेत आहे, ब्रह्म म्हणजे आशयशून्य अमूर्तता आहे, असे हेगेलने आपल्या व्याख्यानांतून सांगितले. विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने गीतेवर वाचलेल्या निबंधांचे त्याने 1827 साली विस्तृत परीक्षण लिहिले. हुम्बोल्टला गीता ज्या उंचीवर दिसली होती, तेथून तिला खाली आणणे हाच त्या परीक्षणाचा रोख आहे. न्यायाने हेही नोंदविले पाहिजे की, कोलब्रुकचे दर्शनांवरील निबंध हाती आल्यावर भारतात खरोखर तत्त्वज्ञान झाले आहे, एवढे त्याने मान्य केले. तथापि, मूळ मांडणी तशीच राहिली. पुढे 1853 साली कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात भारतावर लेख लिहिले, तेव्हा भारतीय समाजाला इतिहासच नाही हा सूर त्यात पुन्हा ऐकू येतो. मार्क्सने हेगेलला डोक्यावरून पायावर उभे केले असे त्याचे अनुयायी सांगतात. भारताबाबत मात्र हेगेल पायावर उभा असो की डोक्यावर, बोलला तेच. आपल्याकडील विद्यापीठांत दीर्घकाळ शिकविला गेलेला इतिहास या सुरापासून किती मुक्त होता, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

अशा वेळी संतापाने भागत नाही. 'ब्रह्म म्हणजे आशयशून्य अमूर्तता' हा आक्षेप अपमान म्हणून सोडून देण्याजोगा नाही, तो एक युक्तिवाद आहे, आणि त्याला युक्तिवादानेच उत्तर हवे. ते उत्तर देण्याचे काम अमळनेरला झाले.

कृष्णचंद्र भट्टाचार्य हे बंगालमधील तत्त्वज्ञ. त्यांचा 'ज्ञाता म्हणजे स्वातंत्र्य' अशा आशयाच्या शीर्षकाचा छोटेखानी इंग्रजी ग्रंथ 1930 साली अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराने प्रसिद्ध केला. पुढे 1933 ते 1935 या काळात ते संस्थेचे संचालकही होते. ग्रंथ कमालीचा कठीण आहे. एकेका वाक्यावर दिवस घालवावा लागतो, आणि इतक्या संक्षेपाने लिहिण्याचा त्यांचा हट्ट वाचकाला निष्कारण दूर ठेवतो, असेही म्हणता येईल. पण गाभा स्पष्ट आहे. आत्मा विचाराचा विषय होऊ शकत नाही, हे कांटचे म्हणणे भट्टाचार्यांना मान्य आहे. मात्र जो विषय होत नाही तो अज्ञेय, हे अनुमान त्यांना मान्य नाही. विषय म्हणून जाणणे हा जाणण्याचा एकच प्रकार झाला. स्वतःला जाणणे हे वेगळ्या प्रकारचे असू शकते. आणि तो प्रकार कांटला दिसला नाही, कारण विषयाकडे तोंड करून उभे राहण्याची वृत्ती त्याने अखेरपर्यंत सोडली नाही.

मग ते पायऱ्या दाखवितात. आपले शरीर ही बाहेरच्या वस्तूंसारखी एक वस्तू. तरीही आतून जाणवणारे शरीर तसे नाही, तेथेच बाह्य जगापासून पहिली मोकळीक मिळते. मनातील प्रतिमा आणि विचार शरीरापासून मोकळे, भावना विचारापासून मोकळी, आणि आत वळून पाहणारी जाणीव भावनेपासूनही मोकळी. प्रत्येक पायरीवर ज्ञाता आपण ज्याला 'मी' समजत होतो त्यापासून सुटत जातो. हे सुटणे हेच त्याचे स्वरूप. ज्ञाता स्वतंत्र 'असतो' असे नव्हे, ज्ञाता म्हणजेच स्वातंत्र्य. आणि हे पुस्तकी अनुमान राहू नये, तर त्याची साधना होऊ शकते, ज्ञानाच्या मार्गाने आत्म्याचा प्रत्यय घेण्याची शिस्त असू शकते, ही शक्यता कांटने ओळखली नाही, असे ते नेमके बोट ठेवून सांगतात. पंचकोशांचा विवेक ज्याने ऐकला आहे त्याला ही वाट ओळखीची वाटेल. पण भट्टाचार्यांनी उपनिषदाचा दाखला पुढे करून वाद मिटविलेला नाही. कांटच्याच भूमीवर उभे राहून, कांटच्याच कसोटीने ते पुढे गेले आहेत.

शंकराचार्यांच्या अध्यासभाष्यातही हाच पेच आहे. आत्मा विषय नाही, तर त्याच्यावर अनात्म्याचा आरोप होतोच कसा, अशी शंका स्वतःच उपस्थित करून आचार्य उत्तर देतात की, आत्मा सर्वथा अविषय नाही, 'मी' या प्रत्ययात तो प्रत्येकाला प्रकट असतोच. याज्ञवल्क्य मैत्रेयीला विचारतो की, सर्व जाणणाऱ्याला कशाने जाणावे. तेव्हा तो कांटप्रमाणे हात टेकत नाही, जाणण्याच्या साधनाची मर्यादा दाखवून तो तिला ज्ञात्याकडे वळवितो. हेगेलने याला रिकामी अमूर्तता म्हटले, कारण त्याच्या मते आशय नेहमी विषयाकडूनच यायला हवा. ज्ञाता स्वतःच प्रकाशरूप असेल, तर त्याला उजळण्यासाठी बाहेरचा दिवा कशाला?

मलकाणी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून 'अज्ञान' या विषयावर 1933 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची रचना आजच्या चर्चासत्रवाल्यांनी पाहावी अशी आहे. तिघे एकाच संस्थेतले. पण अद्वैतातील अज्ञानाच्या कल्पनेविषयी तिघांची मते भिन्न, आणि ती भिन्नता न लपविता तिघांनी एकाच पुस्तकात परस्परांसमोर मांडली. अमळनेर म्हणजे वेदान्ताचा प्रचार करणारा मठ नव्हता, हे यावरून दिसते. मलकाणींचे आत्मतत्त्वावरील पुस्तक 1939 साली आले. दासांनी पुढे 1949 साली कांटच्या मुख्य ग्रंथावर अभ्यासकांसाठी मार्गदर्शिका लिहिली, जी देशभरातील विद्यार्थ्यांच्या हाती राहिली. कांट शिकवायचा तर तोही नीट शिकवायचा.

या वादात मराठीचा स्वतःचा आवाज सर्वांत आधीचा आहे, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' हा शुद्ध तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आहे. त्यात ते अज्ञानाचे खंडन करतात, आणि अज्ञानाच्या अपेक्षेने उभ्या राहणाऱ्या ज्ञानाचेही करतात. जग हा केवळ भ्रम, असे त्यांना म्हणायचे नाही. द्रष्टा आणि दृश्य अशा दोन रूपांनी एकच चैतन्य नटले आहे, हा त्यांचा चिद्विलास. हेगेलही म्हणतो की विश्व हे चैतन्याचेच प्रकटीकरण आहे. साम्य येथवर. पुढचा फरक मोठा आहे. हेगेलच्या चैतन्याला स्वतःची ओळख पटण्यासाठी इतिहास लागतो, युद्धे लागतात, एक राष्ट्र मागे टाकून दुसऱ्या राष्ट्रात जावे लागते. ज्ञानेश्वरांच्या चैतन्याला काहीच कमी नाही, म्हणून ते विलास करते. एकाचे जग गरजेतून, दुसऱ्याचे आनंदातून. यातून माणसाकडे पाहण्याच्या दोन अगदी वेगळ्या दृष्टी निघतात. जेथे चैतन्य पायऱ्या चढत असते तेथे कोणीतरी नेहमी खालच्या पायरीवर असणारच, आणि वरच्या पायरीवरचा स्वतःला खालच्याचा उद्धारक, पुढे त्याचा मालक, समजणारच. जेथे ते सर्वत्र पूर्ण आहे तेथे नामा शिंपी आणि चोखा मेळा एकाच वाळवंटात उभे राहू शकतात. हे तत्त्व आपल्या समाजाने व्यवहारात कितपत पाळले, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर चोखोबांच्या चरित्रातच आहे आणि ते सुखद नाही.

राजकीय विचारात या भेदाचा निवाडा पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी केला. 22 ते 25 एप्रिल 1965 या चार दिवसांत मुंबईत दिलेल्या एकात्म मानववादावरील व्याख्यानांत त्यांनी हेगेलचा नामनिर्देश केला आहे. स्थापना, विरोध आणि समन्वय हे हेगेलचे सूत्र मार्क्सने इतिहास आणि अर्थशास्त्र यांना लावले. भारतीय दृष्टीने मात्र जीवनाच्या मुळाशी संघर्ष न पाहता एकता पाहिली, असे त्यांचे प्रतिपादन. याच व्याख्यानांत राष्ट्राच्या 'चिती'ची कल्पना येते. ती हेगेलच्या राष्ट्रचैतन्याची नक्कल आहे, असा शेरा अधूनमधून ऐकू येतो. तो वाचनाच्या अभावी मारलेला असतो. हेगेलच्या मते राज्य हे पृथ्वीवर ईश्वरी तत्त्वाचे मूर्त रूप, आणि विश्वचैतन्य एका युगात एकाच राष्ट्राच्या हाती ध्वज देते. त्या युगात इतर राष्ट्रांना त्याच्यासमोर हक्क उरत नाहीत. दीनदयाळजींच्या मांडणीत राज्य ही राष्ट्राच्या अनेक संस्थांपैकी एक संस्था आहे, सर्वोच्च नव्हे. तिच्यावर धर्माचे नियंत्रण आहे. प्रत्येक राष्ट्राला आपली चिती आहे. व्यक्तीपासून कुटुंब, समाज, राष्ट्र, मानवता आणि चराचरापर्यंत एक अखंड मंडल विस्तारत जाते, त्यात आतले वर्तुळ बाहेरच्या वर्तुळाने गिळले जात नाही.

हिटलरचे पाप हेगेलच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तो घटनात्मक राज्याचा पुरस्कर्ता होता. तथापि, राज्यालाच नीतीची परिपूर्ती मानणारा विचार सत्ता हाती आल्यावर किती मोहक वाटतो, हे कोणत्याही देशातील सत्ताधाऱ्यांनी ओळखून असावे. चितीचे नाव घ्यायचे आणि व्यवहार मात्र हेगेलच्या राज्याप्रमाणे करायचा, ही चूक दीनदयाळजींच्या अनुयायांकडून होता कामा नये. अमूर्त वाटणारे तत्त्वज्ञान येथे थेट ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत येऊन पोहोचते.

भट्टाचार्यांनीच 1930 च्या सुमारास विद्यार्थ्यांसमोर 'विचारांतील स्वराज्य' या विषयावर एक भाषण केले होते. ते त्यांच्या निधनानंतर, 1954 साली प्रसिद्ध झाले. परकीय राजवट दिसते, खुपते. परकीय विचारांची पकड जाणवतच नाही, कारण ती आपलीच बुद्धी म्हणून वावरते, हा त्यातला मुख्य मुद्दा. पण त्यांनी परकीय विचार नाकारायला सांगितले नाही. त्यांची आपल्या परंपरेशी तुलना करा, झगडा, आणि मगच स्वीकारा किंवा टाका, असे सांगितले. न पारखता स्वीकारणे ही गुलामगिरी असेल, तर न पारखता नाकारणे हीही तिचीच दुसरी तऱ्हा आहे.

या कामासाठी मराठीत सामग्री नाही असे नाही. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली 1974 साली 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' सिद्ध झाला. नागपूरच्या मातीतून आलेले सुरेंद्र बारलिंगे यांनी पुणे विद्यापीठातून 'परामर्श' हे तत्त्वज्ञानाला वाहिलेले मराठी त्रैमासिक उभे केले; अमळनेरच्या जुन्या इंग्रजी त्रैमासिकाची परंपराही त्यांच्याच पुढाकाराने पुण्यातून पुढे चालली. लोकमान्यांनी घडविलेली परिभाषा तर शतकाहून अधिक काळ हाताशी आहे. असे असताना गोंदियासारख्या जिल्ह्यातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतो, तेव्हा कांट त्याच्याकडे येतो तो परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायच्या आठ-दहा मुद्द्यांच्या रूपाने, आणि शंकराचार्य येतात तेही तसेच. दोघे एकाच प्रश्नाशी झुंजत आहेत, याचा सुगावा त्याला लागत नाही. मग तो एक तर दोघांनाही कंटाळतो, किंवा व्याख्यानातील 'ते सारे आमचेच' हे वाक्य उचलून समाधान मानतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. ही मागणी राष्ट्रीय विचारांच्या संघटनांनी अनेक दशके केली होती आणि ती मान्य झाली, याचे समाधान योग्यच आहे. पण या नव्या अभ्यासक्रमांत पूर्वजांच्या कर्तृत्वाच्या याद्या भरल्या आणि पूर्वपक्ष गाळला, तर ती परंपरेचीच फसवणूक होईल. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सांख्य, वैशेषिक, बौद्ध, जैन अशी एकेक मते प्रथम उभी केली जातात, मगच खंडनाला हात घातला जातो. माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' तर चार्वाकाच्या मतापासून सुरू होतो. वेद न मानणाऱ्याला पहिले आसन देणारी ही परंपरा आहे. आज तिच्यासमोरचे पूर्वपक्षी कांट आणि हेगेल आहेत, आणि त्यांच्या मागून आलेला मार्क्स आहे.

पदवीच्या पहिल्या वर्षाला कांटच्या आत्मभानावरील विवेचनाची वीस पाने स्वच्छ मराठीत आणि तिच्या शेजारी अध्यासभाष्याची चार पाने, दुसऱ्या वर्षाला हेगेलचे गीतेवरील परीक्षण आणि शेजारी 'गीतारहस्या'तील अध्यात्म प्रकरण, तिसऱ्या वर्षाला भट्टाचार्यांच्या ग्रंथाचा निवडक भाग आणि 'अमृतानुभवा'तील अज्ञानखंडन, असा एक छोटा अभ्यासक्रम आखणे अवघड नाही. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. दोन-तीन जाणकार भाषांतरकार लागतील, संस्कृत आणि जर्मन दोन्ही येणारा एखादा तपासनीस लागेल, आणि साधारण दोन वर्षांची चिकाटी लागेल. विदर्भातील शिक्षणसंस्थाचालकांपैकी कोणी प्रतापशेठांच्या वाटेने जायचे ठरविले, तर कामाला आरंभ करण्यासाठी अमळनेरच्या त्रैमासिकाचे जुने अंक उघडावेत.